पाया कच्चा, लिंक पक्की

पहिल्या वर्षाचे प्रवेश अर्धेमुर्धे आटोपले, की कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लिंक येऊन पडते. सोबत सूचना असते की सर्व नवप्रवेशित विद्यार्थ्यांनी ही ‘बेसिक स्किल्स डायग्नोस्टिक टेस्ट’ आज रात्री बारापर्यंत द्यावी, न देणाऱ्यांची नोंद घेतली जाईल. नोंद कोण घेणार, कुठे घेणार आणि घेऊन तिचं काय करणार हे सूचनेत नसतं, पण ‘नोंद घेतली जाईल’ म्हटलं की आपल्याकडे माणसं आधी घाबरतात आणि मग वाचतात. ग्रुप खडबडून जागा होतो. “सर, लिंक ओपन होत नाहीये.” “सर, ओपन झाली पण नाव टाकलं की लाल होतंय.” “मॅडम, माझं चुकून दोनदा गेलं.” “मॅडम, माझं एकदाही गेलं नाही, पण पोचलं असा मेसेज आलाय.” या गदारोळात एखादं शहाणं पोरगं मुद्द्याचं विचारतं, “सर, याचे मार्क इंटर्नलला धरणार का?” सर भाबडेपणाने ‘नाही’ म्हणतात, आणि परीक्षा तिथेच संपते. पुढे उरतो तो नुसता फॉर्म.

हा फॉर्म जरा जवळून बघण्यासारखा असतो. पहिलं अर्धं पान ओळखपरेडीचं: ईमेल, आधी आडनाव मग नाव, विद्यापीठाचा पीआरएन नंबर, जो अजून मिळालेला नाही, आणि श्रेयांकांच्या खात्याचा एबीसी आयडी, जो काढायचा कसा हे उद्याच्या कार्यक्रमात सांगणार आहेत. दोन्ही रकान्यांवर लाल चांदणी, म्हणजे भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मग मुलं शून्य टाकतात, फुली टाकतात, मोबाइल नंबर टाकतात. एखादा सरळमार्गी ‘नाही’ असं लिहितो. एवढं करून पुढे गेलं की खरे प्रश्न: २४० चे २५ टक्के किती, अमुक शब्दाचा समानार्थी शब्द कोणता, सीपीयू म्हणजे काय, आणि अर्ध्याचं दशांशात रूप काय. या शेवटच्या प्रश्नात पर्याय नसतात, उत्तर टाइप करायचं असतं. उत्तरं येतात ती इंग्रजी अंकांत येतात, मराठी अंकांत येतात, शून्य लावून येतात, शून्य न लावता येतात, आणि एक ‘पॉइंट पाच’ असं अक्षरी येतं. फॉर्म बनवताना सरांनी बरोबर उत्तर म्हणून एकच रूप भरून ठेवलेलं असतं, त्यामुळे बाकीची सगळी मंडळी एका फटक्यात दशांशात कच्ची ठरतात. शेवटी ‘सबमिट’. त्याच्या खाली गूगलने उदार मनाने ‘आणखी एक प्रतिसाद पाठवा’ अशी सोय ठेवलेली असते, आणि आधीच्या प्रतिसादात कुठे चुकलं ते दाखवण्याचीही. पहिल्या फेरीत वीसपैकी नऊ मिळवणारा मुलगा दहा मिनिटांत वीसपैकी वीस मिळवतो. इतक्या झपाट्याने पाया पक्का करणारी दुसरी शिक्षणपद्धती अजून निघायची आहे.

माझं म्हणणं असं की यात मुलांची काही चूक नाही, गूगलची तर मुळीच नाही. पाया तपासायचा म्हणजे कुणीतरी बघावं लागतं: मूल कुठे अडतं, कसं अडतं, अडल्यावर काय करतं. लिंकची थोरवी अशी की तिच्यामुळे कुणालाच काही बघावं लागत नाही. प्रश्न गेल्या वर्षीच्या फॉर्ममधून येतात, उत्तरं एकमेकांकडून येतात, बेरीज यंत्र करतं आणि रंगीत वर्तुळाकृती आलेख आपोआप निघतो. त्या आलेखात निळा भाग मोठा असला की स्टाफरूममध्ये समाधान पसरतं. निळा भाग म्हणजे काय, असं कुणी विचारत नाही. टक्केवारी काढण्यात आम्हा शिकल्यासवरल्यांचाही हात जरा आखडता असतो, म्हणून तर आलेखाची सोय.

आता एवढा खटाटोप करायचा कशाला? सरकारने सांगितलं म्हणून, असं मोघम उत्तर देता येईल, पण खरं उत्तर अधिक नेमकं आहे. नॅक, म्हणजे महाविद्यालयांना दर्जा देणारी राष्ट्रीय परिषद. तिच्या नियमावलीत कित्येक वर्षं २.२.१ क्रमांकाचा एक निकष होता: संस्था विद्यार्थ्यांची शिकण्याची पातळी तपासते का, आणि पुढे गेलेल्या व मागे राहिलेल्या मुलांसाठी वेगळे कार्यक्रम घेते का. निकष शहाणा होता. पण निकष म्हटला की पुरावा आला, पुरावा म्हटला की फाइल आली, आणि फाइल आली की ज्याच्यासाठी निकष केला तो मुलगा फाइलीच्या बाहेर राहिला. ‘ॲडव्हान्स्ड लर्नर’ आणि ‘स्लो लर्नर’ अशा दोन याद्या हव्यात. त्या लिंकवरून निघतात. ज्याच्या घरात नेटवर्क धड, तो ॲडव्हान्स्ड. ज्याच्या गावात लाइट गेली, तो स्लो. यादी लागली की स्लो मंडळींसाठी रेमेडियल वर्ग ठरतो, दुपारी चार ते पाच. स्लो मंडळींच्या गावाची एसटी सव्वाचारला सुटते आणि पुढची साडेसातला, हे यादीत नसतं. तरी पहिल्या दिवशी सगळे थांबतात, कारण त्या दिवशी फोटो असतो. फलक, त्यावर दिनांक, फोटोच्या कोपऱ्यात अक्षांश-रेखांश दाखवणारा जिओ-टॅग. हा वर्ग पृथ्वीवर नेमका कुठे भरला याचा पुरावा चोख होतो. भरून काय झालं, याचे अक्षांश-रेखांश निघत नाहीत.

या निकषाची हेटाळणी मला करायची नाही. तांत्रिक शिक्षण परिषदेने अभियांत्रिकीच्या नव्या मुलांसाठी तीन आठवड्यांचा प्रवेशारंभ कार्यक्रम आखला, विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये ‘दीक्षारंभ’ काढला. निकषाच्या आणि या दोन्हींच्या मुळाशी काळजीच आहे. बारावीच्या मार्कांवरून मुलाला काय येतं ते कळेना, म्हणून ही तपासणी. पण काळजी जसजशी वरून खाली उतरते तसतशी ती पातळ होत जाते. दिल्लीहून निघते तेव्हा तीन आठवड्यांची असते, विद्यापीठात पोचते तेव्हा तीन दिवसांची होते, आणि विभागात येईपर्यंत ती एक लिंक झालेली असते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. फॉर्म ढिला आहे म्हणून ऑनलाइन परीक्षाच वाईट कशी? कॅमेरा लावा, स्क्रीन बदलली की इशारा द्या, प्रश्नांची उलटसुलट करा. म्हणजे ज्याला प्रॉक्टरिंग म्हणतात ते करा. हा प्रयोग आपण करून बसलो आहोत. २०२० च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्याव्याच लागतील म्हटलं आणि विद्यापीठांनी घराघरांत परीक्षा भरवल्या. पुढे कॅमेराही आला. कॅमेऱ्याला वाटतं, मान वळली म्हणजे लबाडी. दहा बाय बाराच्या खोलीत मान न वळवता बसायला बुद्धाची मूर्ती हवी. मागून आजी गेली, संशय. कुकरच्या शिट्टीला पोरगं दचकलं, संशय. आईने खुणेने ‘गॅस बंद कर’ सांगितलं, महासंशय. आणि ज्याने लॅपटॉपच्या वर भिंतीवर फोन टेकवून ठेवला आहे तो मात्र नजर न हलवता, योगी पुरुषासारखा, पेपर सोडवतो. कॅमेरा टक लावून पाहत असतो, पण त्याला दिसत काहीच नाही. शिवाय एक अडचण सोपीच आहे. ज्या परीक्षेला मार्क नाहीत तिच्यात कॉपी पकडून करणार काय? ‘तू पाया पक्का असल्याची बतावणी केलीस’ म्हणून शिक्षा द्यायची?

दुसरा आक्षेप जास्त गोड असतो. ही पोरं डिजिटल पिढीची, त्यांना मोबाइलवरच नीट सुचतं. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ अहवालाने २०२३ साली ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या ३४,७४५ मुलामुलींना घरी जाऊन भेटून हेच पडताळलं. फोन आणायला सांगितला आणि ज्यांना तो आणता आला त्यांना त्यावर कामं सांगितली. गूगल मॅपवर एका ठिकाणाहून दुसरीकडे जायला किती वेळ लागेल ते काढणं थोड्यांना जमलं. गजर लावणं बऱ्याच जणांना जमलं. यूट्यूबवर सांगितलेला व्हिडिओ शोधणं साधारण ८० टक्क्यांना आलं, आणि ज्यांना तो सापडला त्यांच्यातल्या जवळपास ९० टक्क्यांनी तो मित्राला पाठवून दाखवला. म्हणजे या पिढीचं सगळ्यांत पक्कं डिजिटल कौशल्य कोणतं, तर सापडलेली गोष्ट दुसऱ्याला पाठवणं. अशा पिढीची परीक्षा घ्यायला आपण साधन निवडलं तेही पाठवता येणारं. उत्तरं पाठवली जातात याचं आश्चर्य वाटण्यापेक्षा कधीकधी चुकीची उत्तरंही तेवढ्याच तत्परतेने पाठवली जातात आणि अख्खी तुकडी एकाच प्रश्नात सामुदायिकरीत्या नापास होते, याचं कौतुक वाटायला हवं. इतकी एकी आपल्याकडे अन्यत्र कुठे दिसते?

पण त्याच अहवालातली एक बारीक गोष्ट मला फोनपेक्षा मोलाची वाटते. मुलांना फूटपट्टीशेजारी ठेवलेल्या वस्तूची लांबी विचारली. वस्तूचं टोक शून्यावर होतं तेव्हा सुमारे ८५ टक्क्यांनी बरोबर सांगितलं. वस्तू जरा पुढे सरकवून ती शून्याऐवजी दुसऱ्या आकड्यापासून सुरू केली, तर बरोबर सांगणारे ३९ टक्क्यांवर आले. पट्टी तीच, मुलंही तीच. आता हा प्रश्न लिंकवर पहिल्या पद्धतीने घातला असता तर आलेख जवळजवळ सगळा निळा झाला असता आणि ‘मापन: उत्तम’ असा शेरा फाइलीत गेला असता. दुसऱ्या पद्धतीने घातला असता तर ‘मापन: असमाधानकारक’. दोन्ही शेरे निरुपयोगी. कामाची गोष्ट या दोहोंच्या मधल्या फटीत आहे: मूल लांबी मोजत नाही, शेवटचा आकडा वाचतं. ते कळायला कुणीतरी पट्टी सरकवावी लागते. ‘असर’ची माणसं एकेका मुलासमोर बसतात म्हणून त्यांना ती सरकवता येते. फॉर्मला हात नसतात, आणि ज्यांना आहेत ते तेव्हा फॉर्मची लिंक पुढे पाठवत असतात.

कुणी म्हणेल, हे आपल्याकडचं भोंगळपण, परदेशात यंत्रं शिस्तीत चालतात. अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजांतले लाखो विद्यार्थी वर्षानुवर्षं ‘कंपास’ नावाची संगणकावरची परीक्षा देत होते. हुशार परीक्षा: उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड, चुकलं की सोपा. पुष्कळ मुलं ती प्रवेशाच्या दिवशी, रांगेतलं आणखी एक काम म्हणून, तयारी न करता उरकत. तिच्यावरून ठरायचं की हा थेट कॉलेजच्या गणिताला बसेल, की फी भरून पण श्रेयांकाशिवाय शाळेचंच गणित पुन्हा गिरवेल. २०१२ च्या सुमारास संशोधकांनी एका मोठ्या शहराच्या कॉलेजांचा हिशेब मांडला, तेव्हा गणितात सुमारे चारांत एक आणि इंग्रजीत तिघांत एक विद्यार्थी सपशेल चुकीच्या वर्गात बसवला गेल्याचं दिसलं. चालवणाऱ्या कंपनीनेच २०१६ च्या अखेरीस ‘कंपास’ गुंडाळली, आणि २०१७ साली कॅलिफोर्नियाने कायदा केला, की आधी मुलाचे शाळेतले मार्क बघा. मराठी पालकांना हा कायदा फारच आवडला असता. आपल्याकडे दुसरं काही बघण्याची पद्धतच नाही.

मात्र गोष्ट इथे थांबली असती तर माझ्या विरोधकांना माझ्यावर दया आली असती. ती पुढे गेली. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०२० साली प्रवेशासाठी एसएटी परीक्षा सोडायचं ठरवलं, आणि पाच वर्षांनी त्यांच्याच सॅन डिएगोच्या आवारातल्या समितीने अहवाल दिला: हायस्कूलच्याही खालचं गणित घेऊन येणाऱ्या नव्या मुलांची संख्या जवळजवळ तीसपट झाली आहे, आठांत एक इतकी. त्यांच्या पायाभूत वर्गात बसलेल्यांपैकी चौथ्या हिश्शाहून जास्त मुलांना शाळेत गणितात सर्वोच्च ग्रेड होती. त्यांना एक प्रश्न घातला: सात अधिक दोन बरोबर रिकामी चौकट अधिक सहा. सुमारे चौथ्या हिश्शाला तो आला नाही. हा प्रश्न ऐकून आपण हसतो, पण आधी उत्तर मनात पक्कं करून मग हसावं. लगेच आक्षेप येईल, की मग परीक्षा हवीच ना! हवीच, मी नको कधी म्हटलं? फक्त तिथे काय झालं ते बघा. त्या गणित विभागाने इयत्तावार प्रश्न घालून मुलं नेमकी कुठे अडतात ते शोधलं आणि त्यानंतर वर्गच बदलला; तो पहिली ते आठवीच्या गणितावर आणला, आणि नववी ते अकरावीच्या गणितासाठी वेगळा काढला. विद्यापीठाच्या इमारतीत पहिलीचं गणित शिकवायला जो निगरगट्टपणा लागतो तो त्यांनी दाखवला. आपल्याकडे निकाल लागतो आणि वेळापत्रक जसंच्या तसं राहतं. मंगळवारी कळतं की मुलांना अपूर्णांक येत नाहीत. बुधवारी साडेदहाला, ठरल्याप्रमाणे, इंटिग्रेशन.

आणखी एक. त्या चौकटीत काही मुलं ९ लिहितात. त्यांना बेरीज येते. बरोबरीचं चिन्ह म्हणजे ‘आता उत्तर लिही’ असा हुकूम, असं त्यांना वाटतं. हे चुकीच्या उत्तरातून कळतं. फॉर्म त्यांना शून्य देतो आणि प्रश्नच न वाचता ‘क’ दाबणाऱ्यालाही शून्य देतो. दोघं एकाच यादीत, एकाच एसटीने.

लेखनकौशल्याची तर बातच नको. तिथे यंत्राला निबंध तपासायला बसवतात. एमआयटीतले लेस पेरलमन यांनी २०१४ च्या सुमारास काही विद्यार्थ्यांबरोबर ‘बेबेल’ नावाचं यंत्र बनवलं. त्याला दोन-तीन शब्द पुरवले की ते भारदस्त शब्दांनी ठासून भरलेला आणि कशाचाही अर्थ न लागणारा निबंध लिहून देई. निबंध तपासणाऱ्या यंत्रांनी त्या निबंधांना भरघोस गुण दिले. आपल्याकडच्या समारंभांतली अध्यक्षीय भाषणं ऐकून वाढलेल्या श्रोत्याला यात काही नवं वाटणार नाही. आता तर मुलांच्या खिशातच निबंध लिहिणारं यंत्र आहे. मुलाच्या यंत्राने लिहावं, कॉलेजच्या यंत्राने तपासावं, आणि दोन्हीकडची माणसं चहाला जावीत. यात कुणाचं नुकसान नाही, एवढंच की कुणाला लिहिता येतं ते कळत नाही.

सगळ्यांत दमदार आक्षेप शेवटी येतो, आणि तो स्टाफरूममधून येतो. “सहाशे मुलं आहेत. एकेकासमोर बसायला वेळ कुणाला आहे?” हिशेब करू. एका मुलाला दहा मिनिटं: एक उतारा मोठ्याने वाच, चार ओळी समोर बसून लिही, एक भागाकार कागदावर कर, आणि सरकवलेल्या पट्टीवर लांबी सांग. सहाशे मुलांची सहा हजार मिनिटं, म्हणजे १०० तास. शिक्षक २५ धरले तर प्रत्येकी चार तास. (हा भागाकार मोबाइलवर केला आहे. वाचकांनी मन मोठं करावं.) चार तास म्हणजे लिंक न उघडणाऱ्यांना ‘दुसऱ्या ब्राउझरमध्ये ट्राय कर’ सांगण्यात, दोनदा गेलेले प्रतिसाद वेगळे काढण्यात, आणि पीआरएनच्या रकान्यात ‘नाही’ लिहिणारा विद्यार्थी कोण ते हुडकण्यात जो वेळ जातो, त्याहून कमीच. संगणकाला हाकलून द्यावं असंही नाही. कुणाचं काय अडलं ते टिपून ठेवायला, दिवाळीनंतर पुन्हा पडताळायला, दोन तुकड्यांची वेळापत्रकं जुळवायला तो झकास. फक्त मुलाकडे बघण्याचं काम त्याच्या गळ्यात मारू नये. त्याने ते कधी मागितलेलं नाही.

हे सगळं पटलं तरी एक प्रामाणिक शंका उरते, आणि ती विचारणारे सर मनाने खरोखर चांगले असतात. “ते ठीक आहे हो. पण फाइलीला पुरावा काय लावायचा?” त्यांच्यासाठी सोय आहे. पट्टी सरकवतानाचा फोटो घ्यावा. पट्टी स्पष्ट दिसेल असा, दिनांकासह, जिओ-टॅग चालू ठेवून. मुलगा लांबी चुकीची सांगत असेल तर उत्तमच. चूक फोटोत दिसत नाही, पण सर तिथे बसलेले दिसतात.